मेणातली गाठ

भरतेश मगदूमांना निरोप आला तेव्हा ते दुकानात एका फवारणी पंपाचा नोझल उघडून बसले होते. समोर तासगावचा एक द्राक्षबागायतदार घाई करत उभा होता. मोबाइलवर दोनच ओळी होत्या. वार्षिक लघवी तपासणीत काही खुणा आढळल्या आहेत, डॉ. नीलाक्षी पत्की यांना भेटावं. भरतेशनी त्या वाचल्या, मोबाइल उपडा ठेवला, नोझलमधला कचरा काढला, पंप चालवून दाखवला आणि गिऱ्हाईक गेल्यावर मग ते खुर्चीत बसले.

२०४३ साल होतं. साठीच्या आसपासच्या पुरुषांना ही तपासणी रक्तदाब मोजून घेण्याइतकी अंगवळणी पडली होती. वॉर्डातल्या दवाखान्यात जायचं, छोट्या बाटलीत लघवी द्यायची आणि घरी यायचं. पुढे काही निरोप येत नाही, असंच भरतेश गृहीत धरून चालले होते.

दोन दिवसांनी ते पत्नीला, उज्ज्वलाला घेऊन मिरजेला गेले. डॉ. पत्की चाळिशीच्या होत्या. बोलताना हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायची त्यांना सवय होती.

"काका, प्रोस्टेट म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"नाव ठाऊक आहे. माझ्या थोरल्या भावाचं त्याचंच ऑपरेशन झालं होतं. तीस साली."

"कॅन्सरचं?"

"हो. त्यातून वाचले ते."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि समजावून सांगितलं. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यात कर्करोग झाला तरी बरीच वर्षं काही दुखत नाही, काही जाणवत नाही. पूर्वी रक्तातलं पीएसए नावाचं एक प्रथिन मोजत. ते वाढलं की शंका यायची. पण ते वयानं वाढे, जंतुसंसर्गानं वाढे, ग्रंथी नुसती फुगली तरी वाढे, आणि कितीतरी माणसं विनाकारण तपासणीच्या सुयांना सामोरी जात. आता लघवीतच शोध घेता येत होता. ग्रंथीतल्या पेशी सतत अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे फुग्यांसारख्या पिशव्या, बाहेर टाकत असतात, आणि त्या पुटिकांमध्ये पेशीच्या आत काय चाललं आहे याचा मजकूर असतो. तो मजकूर वाचून कर्करोगाची चाहूल लागत होती.

"म्हणजे मला आहे?" भरतेशनी विचारलं.

"चाहूल आहे. आहे की नाही, ते एमआरआय आणि बायोप्सीनंतरच म्हणता येईल."

एमआरआयमध्ये ग्रंथीच्या डाव्या कडेला एक डाग दिसला. त्या चित्राच्या आधारानं यंत्राच्या हातानं नेमक्या त्या जागी सुया घातल्या आणि मांसाचे धाग्यासारखे तुकडे काढले. भरतेशना फार दुखलं नाही. पण परत येताना गाडीत उज्ज्वला एक शब्द बोलली नाही, तेच त्यांना जड गेलं.

निकाल सांगताना डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कर्करोग होता. मधल्या पायरीचा.

"सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जितक्या विस्कटलेल्या, तितकी पायरी वरची," त्या म्हणाल्या. "खालच्या पायरीला हात लावायचा नाही, वरच्या पायरीला सोडायचं नाही, हे आम्हाला पूर्वीच कळलं होतं. गोंधळ मधल्या पायरीचा. यातल्या काही गाठी माणूस म्हातारा होऊन मरेपर्यंत गप्प बसतात. काही पाच-सात वर्षांत हाडांत जातात. दिसायला दोन्ही सारख्याच. म्हणून आपण वंशवाचन करतो."

हे तंत्र येऊन तीनेक वर्षं झाली होती. कर्करोगाची गाठ एका पेशीपासून सुरू होते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. दर वेळी जनुकांची नक्कल करताना बारीक चुका राहतात आणि त्या पुढच्या पिढीत उतरतात. त्या चुका जुळवत मागे गेलं की कोणती पेशी कोणाची लेक आणि कोणती शाखा केव्हा फुटली हे मांडता येतं. यंत्र गाठीतल्या पेशीन् पेशीची जनुकं जागच्या जागी वाचायचं आणि गाठीची अख्खी वंशावळ उभी करायचं. कोणती शाखा थकली आहे, कोणती इतरांना रेटून पुढे सरकते आहे आणि कोणती ग्रंथीबाहेर पडायच्या तयारीत आहे, हे त्यात दिसायचं. मागची चाल कळली की पुढचीही बरीचशी सांगता यायची.

"तुमच्या गाठीच्या बहुतेक शाखा थकलेल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "एका शाखेबद्दल मात्र यंत्राला सांगता येत नाहीये. तुमच्या घराण्यातून आलेला एक जन्मजात बदल तुमच्या सगळ्याच पेशींत आहे, पण या शाखेत तो जागा झालाय. तो पेशींना कुठं नेतो, याचा दाखला आमच्याकडे नाही. तुमच्या भावात तोच बदल असण्याची शक्यता आहे. त्यांची ग्रंथी काढली होती ना? इथल्या प्रयोगशाळेत असे तुकडे मेणाच्या वड्यांत जपून ठेवतात. ती वडी वाचता आली तर तुमचं उत्तर मिळेल. त्यांची परवानगी मात्र हवी."

"आणि नाही वाचली तर?" उज्ज्वलानं विचारलं.

"तर मी ऑपरेशनचा सल्ला देईन. शंका ठेवून थांबायला सांगणार नाही."

"मग काढूनच टाका की! अंगात कॅन्सर ठेवून माणूस झोपणार कसा?"

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "काकू, ऑपरेशनला स्वतःचा त्रास आहे. लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो. गरज असेल तर ते सोसायचं. गरज नसेल तर कशाला?"

भरतेशच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. आण्णांकडे जाऊन काही मागायचं, हेच त्यांना अवघड वाटत होतं.

थोरले सुकुमारआण्णा गावभागात, जुन्या वस्तीत राहायचे. एके काळी समाजातलं कुठलंही लग्न आण्णांवाचून पार पडत नसे. पंगतीच्या मधोमध उभे राहून ते वाढप्यांना हाका मारायचे, कुणाच्या ताटात काय कमी आहे ते लांबून ओळखायचे, वऱ्हाडाबरोबर बसनं जायचे. ऑपरेशननंतर ते बदलले. प्रवास सोडला. कुणाकडे मुक्कामाला जाईनात. भरतेशच्या मुलीचं लग्न नाशकात होतं. तिथं ते आले, अक्षता टाकल्या आणि जेवण न करता परत निघाले. "आण्णांना आता आपण नकोसे झालोय," असं तेव्हा उज्ज्वला म्हणाली होती. भरतेशच्याही मनात तेच बसलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांत सणावारापुरतं येणंजाणं उरलं होतं.

आण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. भरतेशनी सगळं सांगितलं. कांचनवहिनी चहा घेऊन आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या.

"काढून टाक," आण्णा लगेच म्हणाले. "विचार कसला करतोस? मी काढली म्हणून आज तुझ्यासमोर बसलोय."

"डॉक्टर म्हणतात, कदाचित गरज नसेल."

"त्यांना काय जातंय म्हणायला!"

"तुमची वडी वाचली तर नक्की सांगता येईल म्हणतात. मेणात ठेवलेली. तुमचा होकार लागतो."

 आण्णांनी कप खाली ठेवला.

"ते नको," ते म्हणाले.

"का, आण्णा?"

"नको म्हटलं ना. जुनं उकरून काय करायचंय?" ते उठले आणि आत निघून गेले. वहिनींनी भरतेशकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्या नुसत्याच कपबशा उचलू लागल्या.

भरतेश संतापून घरी आले. सख्ख्या भावाच्या जिवाचा प्रश्न, आणि यांना एक मेणाची वडी द्यायला जड जातं! उज्ज्वलानं त्यात भर घातली नाही. ती एवढंच म्हणाली, "मग ऑपरेशनची तारीख घेऊया."

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा दुकानात आले. किती वर्षांनी आले होते कोण जाणे. भरतेशनी कामगाराला जेवायला पाठवलं आणि खुर्ची पुढे केली. आण्णा बसले नाहीत. पंपांच्या रांगेकडे पाहत उभे राहिले.

"भरत्या, मी तुझ्या पोरीच्या लग्नात जेवलो नाही, त्याचा राग आहे ना तुला?"

"जाऊ दे की आण्णा आता."

"माझं धोतर ओलं झालं होतं."

भरतेशना क्षणभर कळलंच नाही.

"ऑपरेशन झाल्यापासून लघवी थांबत नाही माझी. शिंकलो, उठलो, काही उचललं की जाते. आत लहान पोरासारखं बांधून हिंडतो मी. त्या दिवशी हॉलमध्ये एवढी माणसं, कुणी मिठी मारतंय, कुणी हात धरून ओढतंय. भिजलं ते बाहेरपर्यंत आलं. तुझ्या व्याह्यांसमोर पंगतीला कसा बसू? निघालो तसाच."

"आण्णा, मला सांगायचं की!"

"काय सांगायचं? तुझी वहिनी सोडून कुणाला ठाऊक नाही. आणि बाकीचं म्हणशील तर, आम्ही दोघं नवरा-बायको म्हणून..." आण्णा थांबले. "ते जाऊ दे. मी मनाची समजूत घातली होती. जीव वाचला, त्याच्या बदल्यात एवढं सोसायचं. तेरा वर्षं त्यावर काढली. आता तुझं ते मशीन म्हणालं की हे काढायची गरजच नव्हती, तर मी काय करू? कशाच्या बदल्यात सोसलं म्हणू?"

बाहेर मार्केट यार्डातून हळदीच्या पोत्यांची एक गाडी गेली. भरतेशचा कालचा राग कुठल्या कुठे गेला होता. आपण इतकी वर्षं या माणसाबद्दल काय काय समजत होतो, या विचारानं त्यांना मान वर करवेना.

"नको मग," ते म्हणाले. "वडी राहू दे मेणात. मी ऑपरेशन करून घेतो. तुम्ही सोसलंत ते मलाही सोसेल."

आण्णांनी वळून पाहिलं. चेहरा एकदम रागानं लाल झाला.

"वेडा आहेस का? मी झालो तसा तू होणार? माझी समजूत शाबूत राहावी म्हणून?" त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.  मग म्हणाले, "लाव फोन त्या डॉक्टरीणबाईंना. होकार देतो म्हणावं."

निकालाच्या दिवशी डॉ. पत्कींनी आधी आण्णांनाच विचारलं. "आजोबा, भरतेशकाकांचं उत्तर मी तुमच्याबद्दल एक शब्दही न बोलता देऊ शकते. तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

"इथंच बसतो," आण्णा म्हणाले. कांचनवहिनी त्यांच्या शेजारी होत्या. त्यांनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

भिंतीवर दोन वंशावळी उमटल्या. दोन झाडांसारख्या दिसत होत्या, एकमेकांशेजारी. दोन्हींत एकच फांदी तांबडी होती.

"अशी शाखा दोघांच्याही गाठीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आजोबांची ग्रंथी अख्खी काढली होती, म्हणून त्यांच्यात ती शेवटपर्यंत पाहता आली. ती फुटली, थोडी वाढली आणि थांबली. काढली त्याच्या कितीतरी वर्षं आधीच थांबली होती. पुढे सरकायची ताकदच तिच्यात नव्हती. काका, तुमचीही त्याच वाटेवर आहे. ऑपरेशन नको. दर सहा महिन्यांनी लघवी तपासायची, वर्षातून एकदा एमआरआय."

उज्ज्वला पुढे सरकली. "आणि तुमचं मशीन चुकलं तर?"

"चुकू शकतं. म्हणूनच तपासत राहायचं. गाठीची चाल बदलली तर लघवीत आधी कळेल आणि तेव्हाही उपचाराला भरपूर वेळ हातात असेल. नुसतं सोडून द्या असं मी म्हणत नाहीये. आपण पाळत ठेवणार आहोत."

उज्ज्वलानं श्वास सोडला. नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. पण भरतेश आण्णांकडे पाहत होते.

"म्हणजे माझी काढली नसती," आण्णांनी सावकाश विचारलं, "तरी मी आज असाच इथं असतो?"

डॉक्टरांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "आज मला जे दिसतंय त्यावरून, बहुतेक हो. पण आजोबा, तीस साली हे दिसण्याची सोय जगात कुठंच नव्हती. तेव्हा तुमच्या जागी माझे वडील असते तरी मी काढायलाच सांगितलं असतं."

आण्णांनी मान हलवली. जाताना ते जिन्यात थांबले आणि भरतेशच्या खांद्यावर हात टेकला. "तुझं बरं झालं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आण्णा कुणाशी बोलेनात. सकाळी बस्तीत जिनदर्शनाला जायचे, घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. वहिनींचा फोन आला तसे भरतेश रोज संध्याकाळी जाऊ लागले. आण्णा एक दिवस ओरडले, "तेरा वर्षं! फुकट गेली रे!" भरतेशनी समजूत घातली नाही. नुसते शेजारी बसून राहिले. पुढच्या आठवड्यात आण्णा स्वतःच म्हणाले, "मला रणनवरे डॉक्टरांकडे घेऊन चल."

डॉ. रणनवरेंनी आण्णांचं ऑपरेशन केलं होतं. आता निवृत्त होऊन ते विश्रामबाग भागात राहत होते. त्यांनी आण्णांना लगेच ओळखलं, आत बोलावलं. आण्णांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. भरतेशना वाटलं, आता भांडण होणार.

रणनवरेंनी आधी दोघांना खुर्च्या दिल्या. मग म्हणाले, "मगदूम, अशा किती जणांची मी काढली असेन, सांगता येत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचा जीव त्यामुळंच वाचला. कुणाचा वाचला आणि कुणाचा वाचायची गरजच नव्हती, ते मला तेव्हा कळत नव्हतं. वाईट वाटतं. पण पुन्हा तोच दिवस आला आणि तेवढंच हाती असलं, तर पुन्हा तेच करीन. तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"मला तेवढंच ऐकायचं होतं," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "पण ही लघवी गळण्याची शिक्षा जन्मभराची झाली हो."

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे? अजून गळते?"

"थांबलीच कुठं?"

"अहो, तुम्ही तपासायला यायचात तेव्हा मी विचारायचो, सगळं बरं आहे ना. तुम्ही दर वेळी हो म्हणायचात!"

"जीव वाचवलात तुम्ही. वर आणखी तक्रार कुठल्या तोंडानं करायची?"

रणनवरेंनी कपाळावर हात मारला. "मीही कधी खोदून विचारलं नाही. हो म्हणालात, पुढचा पेशंट बोलावला. चूक माझीही आहे. मगदूम, यावर इलाज तेव्हाही होता. आता तर फारच सोपा झालाय. स्नायूंचे व्यायाम आहेत, आणि ते पुरले नाहीत तर मूत्रमार्गाभोवती एक मऊ कडं बसवतात. बाहेरून बटण दाबलं की उघडतं. एका दिवसाचं काम."

आण्णा त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग भरतेशकडे वळले. "ऐकलंस? इलाज होता म्हणे." आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा भरतेशनी त्यांना मोकळ्यानं हसताना पाहिलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

परतताना गाडीत आण्णा एकदाच बोलले. "बदल्यात म्हणून सोसत होतो, तोवर तक्रार करायची लाज वाटायची. आता बदल्यात काहीच नाही म्हटल्यावर मी कशाला सोसू?"

व्यायामांनी थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग डॉ. पत्कींच्याच हॉस्पिटलात कडं बसवलं. सहा आठवड्यांनी ते चालू केलं. पहिल्या दिवशी आण्णांचा विश्वासच बसेना. घरात चार वेळा उठबस करून पाहिली, मुद्दाम खोकून पाहिलं. कांचनवहिनींनी उज्ज्वलाला फोन केला तेव्हा बोलता बोलता त्यांना रडू आलं. "आज हे स्वतः म्हणाले, चल, गणपतीपुळ्याला जाऊन राहून येऊ दोन दिवस."

वर्षभरानं भरतेशची एमआरआयची वेळ आली. उज्ज्वला बरोबर येणार होती, पण आण्णा सकाळीच दारात हजर. "तू राहा घरी, मी जातो याच्याबरोबर," त्यांनी फर्मान काढलं. डाग होता तेवढाच होता, तसूभरही हलला नव्हता. भरतेश आनंदानं बाहेर आले, तर आण्णा जागेवर नव्हते.

ते पलीकडच्या रांगेत एका अनोळखी माणसाशेजारी जाऊन बसले होते. पन्नाशीचा माणूस होता, पायजमा-शर्टातला. हातातली पिशवी छातीशी धरून खाली मान घालून बसला होता. बरोबर कुणी नव्हतं.

"आज सुई टोचणार म्हणालेत," तो हळूच सांगत होता. "घरी काही बोललो नाही. असल्या जागेचं बायकोला काय सांगायचं?"

"बायकोलाच सांगायचं," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पंगतीतल्यासारखा चढला होता, सगळी रांग ऐकत होती. "आणि डॉक्टरला तर सगळं सांगायचं. लघवी गळते, जळते, अडते, रात्री किती वेळा उठावं लागतं, काहीही लपवायचं नाही. मी तेरा वर्षं लपवलं. अहो, मला नावं ठेवायला कुणी आलंच नव्हतं, मीच आपला लाजून बसलो होतो."

समोरच्या बाकावरच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. दोन पुरुष खाली पाहू लागले. पण त्या माणसानं मान वर केली.

"सुई लई दुखती का हो?"

"हा बघ, याला टोचलीय," आण्णांनी भरतेशना हाक मारली. "ये रे भरत्या, बस इथं. याला सांग काय काय होतं ते. आणि याचा नंबर येईपर्यंत आपण थांबूया."

भरतेश त्या माणसाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि सांगू लागले.